हर्मीसच्या पाटीवरून प्रॅक्सिटेलीसचं नाव काढा!

खडूस वाचक: ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या संग्रहालयातला हर्मीस देव फोटोत तरी पाहिला असेलच. डाव्या हातावर तान्हा डायोनायसस (मद्याचा देव), उजवा हात तुटलेला (बहुधा त्यात द्राक्षांचा घोस होता). १८७७ साली जर्मन उत्खननात हेरा देवीच्या देवळात सापडला आणि तेव्हापासून 'प्रॅक्सिटेलीस या ग्रीक शिल्पकाराच्या हातची मूर्ती' म्हणून मिरवतोय. आधार काय, तर पॉसेनियस नावाच्या प्रवाशाचं एक वाक्य. शिल्पकार इ.स.पू. चौथ्या शतकातला, प्रवासी इ.स. दुसऱ्या शतकातला. मधे पाचशे वर्षं! देवळातल्या कुणी सांगितलं, यानं लिहून घेतलं, झालं. माझ्या मते नाव काढा.

मातीचे पाय: इतकी घाई नको. पॉसेनियस लिहितो की हेराच्या देवळात बाळ डायोनायससला घेतलेला दगडी हर्मीस आहे, काम प्रॅक्सिटेलीसचं. आणि खणल्यावर नेमक्या त्याच देवळात नेमकी तीच मूर्ती निघते. भिंतींचा वरचा भाग कच्च्या विटांचा होता, तो ढासळून मूर्ती मातीत गाडली गेली, म्हणून तर वाचली. जुन्या ग्रंथातली मूर्ती जागच्या जागी सापडणं किती वेळा होतं?

खडूस वाचक: मूर्ती तीच, हे मान्यच. प्रश्न ती घडवली कुणी हा आहे. आपल्याकडे नाही का, जुनं दगडी देऊळ दिसलं की लगेच 'हेमाडपंती'? शिवाय प्रॅक्सिटेलीस हे नाव त्या घराण्यात पुढेही चाललं. कुणा नातवा-पणतवाचं काम असेल तर?

छिन्नीवाली: दगडात काम करते, म्हणून राहवलं नाही. या मूर्तीची पाठ बघा. पुढून अंग लोण्यासारखं घोटलेलं, आणि पाठीवर हत्यारांच्या खुणा तशाच. १९२७ साली जर्मन अभ्यासक कार्ल ब्लूमेलनं यावरच बोट ठेवलं, की ही हत्यारं आणि ही पद्धत चौथ्या शतकातली वाटत नाही. चपलेचा घाटही नंतरचा, असंही पुढे मांडलं गेलं. मला मात्र खटकतो तो कमरेपासून झाडाच्या बुंध्यापर्यंत गेलेला दगडी दांडा. ब्राँझच्या मूर्तीची संगमरवरी नक्कल करताना असे टेकू लागतात.

मातीचे पाय: पाठ भिंतीकडे असेल तर कोण घोटत बसेल? आणि बाळाचा भार एका बाजूला असताना संगमरवराला टेकू लागणारच, मूळ मूर्ती असो की नक्कल. चेहऱ्याची तुकतुकी आणि मुद्दाम खडबडीत सोडलेले केस शेजारी ठेवून पाहा. हे नकलाकाराचं काम वाटतं? प्रॅक्सिटेलीसचा हात ब्राँझपेक्षा संगमरवरावर बसलेला होता, असं रोमन लेखक प्लिनीही म्हणतो.

बाकावरचा: हर्मीस गेला तर उरतं काय पण? प्रॅक्सिटेलीसचीच क्निडॉस शहरातली अफ्रोडायटी देवीची मूर्ती, जिच्यासाठी राजा निकोमिडीस शहराचं सगळं कर्ज फेडायला तयार होता आणि तरी गावकऱ्यांनी दिली नाही, तीसुद्धा आज फक्त नकलांमधून कळते.

खडूस वाचक: हातात काही उरत नाही म्हणून हर्मीस धरून ठेवायचा? मग क्लीव्हलंडच्या संग्रहालयानं २००४ साली घेतलेला ब्राँझचा अपोलोही त्याचाच म्हणा. सरडा मारायला टपलेला तो पोरगा. २००७ च्या लूव्र प्रदर्शनात तो मांडायला ग्रीसनं हरकत घेतली, पण तो वाद मूर्ती आली कुठून याचा होता.

छिन्नीवाली: मँटिनिया या ग्रीक शहरातल्या मूर्तींच्या चौथऱ्याचं कुणी नावच काढत नाही! अथेन्सला आहे. वरच्या मूर्ती प्रॅक्सिटेलीसच्या, असं पॉसेनियसच सांगतो. त्या गेल्या, पण अपोलो, त्याच्याशी वादनाची पैज लावणारा मार्सियास आणि कलादेवी कोरलेल्या पाट्या उरल्यात. बहुधा कारखान्यातल्या माणसांचं काम. पण त्या कलादेवींच्या वस्त्रांच्या चुण्या आणि हर्मीसनं बुंध्यावर टाकलेलं वस्त्र शेजारी ठेवून बघा. मला तरी एका पिढीचे वाटत नाहीत.

मातीचे पाय: मला वाटतात. चुण्यांचे जवळून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर टाका, मग बोलू.