क्रोटनचा रंग उडालाय, काय करू?

गच्चीवाली: नर्सरीतून आणला तेव्हा लाल-पिवळा एकदम झकास होता, आता बाल्कनीत पानं नुसती हिरवी राहतायत आणि खालची गळतायत पण, खत कमी पडतंय का?

मातीतला: खत नाही हो, ऊन! कोवळं पान बऱ्याच जातींत आधी हिरवंच असतं, रंग नंतर चढतो, पण त्याला रोज 4-5 तास तरी ऊन हवंच, सावलीत तो हिरवाच राहणार. जागा बदलली की पानं गाळतो, म्हणून घाबरून पाणी वाढवू नका, वरची माती सुकली की मगच घाला.

रानफूल: +1. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय का बघा, मिलीबग (रस शोषणारी कीड) असेल तर संध्याकाळी नीम तेल फवारा. झुडूप आटोपशीर हवं तर पावसाळ्यात शेंडे छाटा, छाटलेल्या फांद्या लावल्या तर जगतातही, फक्त चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते.

गच्चीवाली: पांढरं आहेच की! आजच पुसते आणि कुंडी पूर्वेच्या कठड्याशी नेते.

मातीतला: न्या, पण ऊन हळूहळू वाढवा, एकदम ठेवलीत तर पानं करपतील.