मदत हवी आहे : विद्यापीठात नंबर लागलाय, शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे. जाऊ की नको?

चांदणी_उदगीर
नमस्कार. एम.एस्सी.साठी विद्यापीठात नंबर लागलाय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्याला जाते. इथल्या कॉलेजातही प्रवेश मिळतोय, सरांनी जागा धरून ठेवलीय. शेवटच्या वर्षाला आम्ही अकराजणच होतो. सर नावाने हाक मारायचे, अडलं की घरी जाऊन विचारता यायचं. एवढ्या मोठ्या ठिकाणी मला कोण ओळखणार? बाबा रोज विचारायलेत, काय ठरलं म्हणून. तिथे शिकलेल्यांनी स्पष्ट सांगा. लवकर सांगा प्लीज.

गणेशखिंडकर
कोणतं विद्यापीठ? कोणता विषय? काहीच लिहिलेलं नाहीस.

चांदणी_उदगीर
पुणे विद्यापीठ. फिजिक्स.

वसंतराव_निवृत्त
बाळ, पुण्यालाच जा. १९४९ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे, तिथे नुसतं बसलं तरी माणूस शिकतो. आमच्या वेळी पुण्यात शिकायला मिळणं म्हणजे गावात पेढे वाटायची गोष्ट होती.

अवधूत_जी
मी उलट सांगतो. मी एका मोठ्या विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, नाव घेत नाही. शेवटचा निकाल इतका लांबला की पीएच.डी.चा एक प्रवेश हुकला. चौकशीला गेलं की या खिडकीवरून त्या खिडकीवर. तुला ओळखणारे सर आहेत ना, तिथेच राहा. दोन वर्षं डोकं शांत ठेवून नेट परीक्षेचा अभ्यास कर.

गणेशखिंडकर
@अवधूत_जी, तुम्ही विद्यापीठाच्या विभागात होतात की संलग्न कॉलेजात?

अवधूत_जी
कॉलेजात. पण पदवी विद्यापीठाचीच ना?

गणेशखिंडकर
पदवी तीच, पण अनुभव वेगळा. चांदणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे म्हणून सविस्तर लिहितो. पुणे विद्यापीठ मोठं आहे ते पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांमुळे. कॉलेजातल्या मुलाला विद्यापीठ भेटतं ते परीक्षेच्या अर्जावर आणि गुणपत्रिकेवर. गणेशखिंडच्या ४११ एकरांच्या आवारातले विभाग हे वेगळंच जग आहे. मी तिथे दोन वर्षं होतो (विषय रसायन, फिजिक्स नव्हे). जे प्राध्यापक शिकवायचे तेच पेपर काढायचे, तेच तपासायचे, आणि उत्तर का चुकलं हे विचारायला त्यांच्याच खोलीत जायचो. दिवाळीपर्यंत आमच्या सरांना कोण कुठल्या गावचं हे माहीत झालं होतं. विद्यापीठ मोठं म्हणून घाबरू नकोस. तुला राहायचंय एका विभागात.
पण आधी सांग, नंबर विभागात लागलाय की पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात?

चांदणी_उदगीर
विभागात. प्रवेश परीक्षा दिली होती. मला वाटलं विद्यापीठ म्हणलं की ते कळतंच.

रोहन_इंडियाना
मी अमेरिकेत पर्ड्यूला आहे, हेही सरकारी विद्यापीठच. पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला शेकडो मुलं असतात, पण नंतर छोटे गट पाडतात. पीएच.डी.ला आलीस तर शिकवणी साहाय्यक म्हणून काम मिळतं, फी माफ होते, वर विद्यावेतन. थेट अमेरिकेचाच विचार कर ना, परीक्षांची माहिती मी देतो.

स्मिता_ना
रोहन, तिला शुक्रवारी फी भरायची आहे. अमेरिका नंतर बघू.

जॅमवाला
एक वर्ष थांब, जॅम ही प्रवेश परीक्षा दे, आयआयटीत जा. दुसरं काहीच करू नकोस. फिजिक्समध्ये त्यालाच किंमत आहे.

स्मिता_ना
'एक वर्ष थांब' हे मुलांना सांगायला सोपं आहे. मी औसा तालुक्यातली. माझी मैत्रीण असंच वर्षभर घरी थांबली, दसऱ्याला स्थळं यायला लागली आणि पुढचा फॉर्म भरायचा राहूनच गेला. हातातली जागा सोडू नकोस गं. जॅम एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात असतानाही देता येते.

जॅमवाला
सगळ्यांच्या घरी तसं नसतं.

स्मिता_ना
नसेल. तिच्या घरी कसं आहे ते तिला विचारा आणि मग सल्ला द्या.

गणेशखिंडकर
भांडू नका. चांदणी, एम.एस्सी.नंतर काय करायचंय? शाळेत किंवा ज्युनिअरला शिकवायचं असेल तर उदगीरचा पर्यायही वाईट नाही, खर्च वाचतो.

चांदणी_उदगीर
घरी कुणी अडवत नाही, बाबा स्वतःच जा म्हणतात. पण एक सोयाबीनचं पीक गेलंय, त्यामुळे मीच मागेपुढे करते. मला खगोलशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. नववीत असताना खोडदला सहल गेली होती. तिथल्या त्या दुर्बिणी पाहिल्यापासून डोक्यात हेच आहे. कुणाला सांगितलं तर हसतात म्हणून लिहिलं नव्हतं.

विद्युत_चुंबक
अगं, हे पहिल्याच ओळीत लिहायचंस! खोडद आणि आसपासच्या त्या ४५ मीटरच्या ३० अँटेना, म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, चालवणारी एनसीआरए ही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही तिथेच. फिजिक्स विभागातून दोन्हीकडे पायी जाता येतं. तिथली व्याख्यानं ऐक, सुट्टीतल्या विद्यार्थी प्रकल्पांना अर्ज कर, दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिथल्या लोकांना विचार. आपोआप काही मिळत नाही, दार तुलाच वाजवावं लागेल. पण उदगीरहून ते दार साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. तुझे सर कितीही चांगले असले तरी हे अंतर ते कमी करू शकणार नाहीत. मी स्वतः असंच एक दार वाजवलं होतं, आज रेडिओ दुर्बिणींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो.

चांदणी_उदगीर
तिथली मुलं इंग्रजीत बोलतात का सगळी? मला पेपर लिहिता येतो, पण बोलताना अडतं.

विद्युत_चुंबक
अर्धा वर्ग नगर, नाशिक, मराठवाड्यातला होता आमचा. पहिल्या सेमिनारला माझे पाय थरथरले होते. चौथ्याला नाही.

पुणेरी_प्रवासी
विद्यापीठ चौकातली वाहतूक मात्र लक्षात घ्या. २०२० मध्ये जुना पूल पाडला तेव्हापासून तिथे किती हाल झालेत ते आम्हाला विचारा. मेट्रोच्या खांबांचं नियोजन आधीच करायला हवं होतं…

स्मिता_ना
त्यासाठी वेगळा धागा काढा हो दादा. चांदणी, होस्टेलचं काय?

चांदणी_उदगीर
अर्ज केलाय, यादी लागायची आहे. शासनाने मुलींना फी माफ केलीय ना?

स्मिता_ना
२०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, एम.एस्सी. त्यात धरू नकोस. तुला कोणती शिष्यवृत्ती लागू होते ते महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर बघ. आणि विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे, विभागात पोचल्या पोचल्या तिची चौकशी कर. जागा मर्यादित असतात. होस्टेलची यादी लागेपर्यंत एखाद्या नातेवाइकाकडे सोय होते का पाहा.

चांदणी_उदगीर
हडपसरला मावशी आहे. लांब पडेल, पण महिनाभर काढू शकते.
सरांना आत्ता फोन केला. म्हणाले, "तू गेलीस तर मला वाईट वाटेल आणि नाही गेलीस तर जास्त वाईट वाटेल." बुधवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतोय, बाबा सोबत येतायत.

गणेशखिंडकर
छान. मूळ गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला असेल तर तो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. आणि मायग्रेशन काढलंस का?

चांदणी_उदगीर
नाही. ते काय असतं?

गणेशखिंडकर
स्थलांतर प्रमाणपत्र. तुझी बी.एस्सी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची आहे, विद्यापीठ बदललं की ते लागतं. उद्या सकाळी आधी कॉलेजच्या ऑफिसात जा, अर्ज तिथूनच कळेल. बुधवारी निघेपर्यंत हातात आलं नाही तर अर्जाची पावती सोबत ठेव आणि हमीपत्र चालेल का, हे विभागाला आजच फोन करून विचार. साडेपाचच्या आत.

चांदणी_उदगीर
करते. आत्ता चार वाजलेत.