'इन्जेन्युअस'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना 'इन्जेन्युअस' हे विशेषण आले आणि मी घाईत 'कल्पक' लिहून मोकळी झाले. कथेतली नऊ वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर घरातली गोष्ट सांगून टाकते. तिथे 'कल्पक उत्तर' कसे बसणार, हे मैत्रिणीने दाखवल्यावर शब्दकोश उघडला. त्यात भोळा, निष्कपट आणि मनमोकळा हे तिन्ही अर्थ आहेत, पण तिन्हींची छटा वेगळी. आपण कोणता शब्द योजाल?

उत्तर १

आपली गफलत जुनीच आहे. 'कल्पक' हा अर्थ 'इन्जीनिअस'चा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाच फरक असल्याने १७व्या शतकात खुद्द इंग्रज लेखकही या दोन शब्दांची अदलाबदल करीत. 'इन्जेन्युअस'च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द रोमन कायद्यात जन्मतः स्वतंत्र असलेल्या माणसासाठी वापरला जाई, म्हणजे जो कधी गुलाम नव्हता असा. अशा कुलीन माणसाला लपवाछपवीची गरज नाही, या समजुतीतून 'खुल्या मनाचा' हा अर्थ आला, आणि निरागसतेची छटा त्यावर पुढे चढली. आपल्या 'जन्म' शब्दातला 'जन्' धातूही त्याच कुळातला आहे.

उत्तर २ (गुळाच्या व्यापारातला)

'मनमोकळा' हा शब्द मी तरी घेणार नाही. आम्हा कोल्हापूरकरांचे तोंडावर बोलणे प्रसिद्ध आहे, पण त्यात भोळेपणा कुठला? बोलणाऱ्याला परिणाम ठाऊक असतो आणि तो पत्करूनच तो बोलतो. त्याला इंग्रजीत 'फ्रँक' किंवा 'कँडिड' म्हणावे. मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालू असताना एका शेतकऱ्याच्या मुलाने, व्यापारी वरचा रवा (गुळाची ढेप) फोडून रंग पाहत होता तेव्हाच, "खालच्या रव्यांना पाणी लागलंय" असे सांगून टाकले. बापाने कपाळावर हात मारला. मुलाने प्रामाणिकपणाचा आव आणला नव्हता. ती गोष्ट लपवायची असते हेच त्याच्या गावी नव्हते. हे मात्र 'इन्जेन्युअस'. मोठ्या माणसासाठी हाच शब्द वापरला तर त्यात किंचित कीव डोकावते, म्हणून बापाला तो लावताना जपून.

उत्तर ३

आजच्या इंग्रजी वृत्तपत्रांत याचे नकारार्थी रूप, 'डिसइन्जेन्युअस', अधिक भेटते, आणि अनुवादक तिथे सरसकट 'अप्रामाणिक' लिहितात, ते मला अपुरे वाटते. त्या शब्दात उघड खोटेपणापेक्षा माहीत असून माहीत नसल्याचे सोंग जास्त असते. आपल्याकडे त्यासाठी 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार तयार आहे, आणि एकाच शब्दात हवे असेल तर 'साळसूद' पुष्कळदा चपखल बसतो. मूळ शब्दासाठी मी 'निर्व्याज' सुचवेन, कारण 'व्याज' म्हणजे बहाणा, आणि तो नसणे हाच इथला गाभा आहे. ('भाबडा'त बुद्धी कमी असल्याचा वास येतो, जो मूळ शब्दात असेलच असे नाही.)

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. 'निर्व्याज' मी निवेदकाच्या एका वाक्यासाठी ठेवला, परंतु त्या मुलीच्या प्रसंगात तो फारच पुस्तकी वाटला, म्हणून तिथे विशेषणच काढून टाकले आणि लिहिले: "आई डोळ्यांनी खुणावत होती, ते तिच्या लक्षातही आले नाही, ती आपली सांगतच राहिली."