मुलीच्या प्रवेशाची बातमी कशी कळवावी? पत्राचा फोटो टाकावा का?

प्रश्न — निळीशाई

मुलीला हव्या त्या महाविद्यालयात, हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाल्याचं पत्र आलंय. ऊर भरून आलाय आणि कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालंय. पत्राचाच फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर टाकायचा विचार आहे. पत्रावर तिचं नाव, फोटो, अर्ज क्रमांक, जन्मतारीख आणि खाली क्यूआर कोड आहे. यातलं काय झाकावं आणि कशानं? शिवाय पत्रात 'तात्पुरता प्रवेश' असं लिहिलंय, मग आत्ताच सांगावं की थांबावं? आणि अभिमान वाटतो हे लिहायचं, पण तिच्यावर दडपण येता कामा नये. ते कसं साधावं?

उत्तर — कागदकाम

मुलीचं मनापासून अभिनंदन! फोटोपुरतं सांगतो.

नाव आणि महाविद्यालय दिसायला हरकत नाही. बाकी सगळं झाका: अर्ज क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, ईमेल, मोबाइल, सही, कोड. बऱ्याच प्रवेश संकेतस्थळांवर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख एवढ्यावर खातं उघडतं किंवा पासवर्ड बदलता येतो. या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारीशेजारी असतात, खरा धोका तिथेच आहे.

लोक चुकतात ते झाकण्याच्या पद्धतीत. फोनमधल्या हायलायटरनं चारदा गिरवलं की काळं दिसतं, पण तो रंग अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं उमटतात. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर मजकूर खाली तसाच राहतो आणि तो निवडून कॉपी करता येतो. क्यूआर कोडचा कोपरा झाकून काही उपयोग नाही, कारण त्याच्या रचनेतच चूक-दुरुस्तीची सोय असते आणि सर्वात वरच्या पातळीला साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. उभ्या रेघांच्या बारकोडचंही तेच. वरची एक अरुंद आडवी पट्टी उघडी राहिली तरी पूर्ण क्रमांक मिळतो, म्हणून दोन्ही कोड पूर्णच झाकायचे.

कापलेला फोटोही दर वेळी सुरक्षित असतोच असं नाही. 2023 मध्ये पिक्सेल फोनच्या आणि विंडोजच्या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनांत एक दोष उघड झाला होता. कापून टाकलेला भाग फाइलमध्येच शिल्लक राहायचा आणि त्यातला बराचसा परत काढता यायचा. पुढे दुरुस्ती आली, पण आधी पाठवलेल्या फायली तशाच राहिल्या.

सगळ्यात खात्रीचा उपाय साधा आहे. पत्राची छापील प्रत काढा, नको त्या जागांवर जाड कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि वरून फोटो घ्या. जे फोटोत आलंच नाही ते कुणाला काढता येत नाही.

उत्तर — सायली_म

'तात्पुरता' शब्दाबद्दल. त्याचा अर्थ एवढाच की काही अटी अजून पुऱ्या व्हायच्या आहेत: मूळ कागदपत्रांची पडताळणी, मुदतीत शुल्क भरणं, कधीकधी अंतिम परीक्षेतले किमान गुण. पत्रातल्या अटी आणि त्यांच्या तारखा आजच एका कागदावर उतरवा. प्रवेश हातचा जातो तो बहुतेकदा क्षुल्लक कारणानं. नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं असतं, एखादा दाखला मुदतबाह्य असतो, किंवा पैसे शेवटच्या दिवशी पाठवले जातात आणि जमा व्हायला वेळ लागतो. खात्यातून रक्कम गेली म्हणजे शुल्क पोचलं असं समजू नका. पावती क्रमांक आला आणि संकेतस्थळावर स्थिती बदलली, की झालं.

आजी-आजोबांना, जवळच्यांना आजच सांगा, तो आनंद कशाला अडवायचा! जाहीर पोस्ट मात्र शुल्काची पावती आणि पडताळणी झाल्यावर. मधल्या काळात काही अडलं, तर शंभर जणांना खुलासे देण्याची वेळ मुलीवर येते.

उत्तर — वाटाड्या

माझ्या मते सर्वात आधी मुलीला विचारा. बातमी तिची आहे. तिच्या जवळच्या मैत्रिणीचा निकाल अजून लागला नसेल, किंवा ज्या शिक्षकांनी शिफारसपत्र दिलं त्यांना तिला स्वतः सांगायचं असेल. पोस्टचा मजकूर तिला दाखवा आणि ती जे वाक्य खोडेल ते खोडलेलंच राहू द्या.

मजकुरात तिनं केलेलं काम येऊ द्या: कोणता विषय जड जात होता, तो तिनं कसा सोडवला, कोणता प्रकल्प केला. 'पहिल्यापासूनच हुशार' असं लिहिणं टाळा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांची बुद्धीबद्दल, तर काहींची मेहनतीबद्दल स्तुती केली होती. त्यानंतर आकृत्यांची अवघड कोडी देऊन अपयशाचा अनुभव दिला, तेव्हा बुद्धीची स्तुती ऐकलेली मुलं लवकर खचली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. ती मुलं शाळकरी होती, त्यामुळे कॉलेजच्या वयाला हा नियम जसाच्या तसा लावू नये. तरी पहिल्या सत्रात गुण घसरणं अगदी नेहमीचं असतं, आणि तेव्हा 'हुशार' हे बिरूद जड होतं. मेहनतीचं कौतुक झालेलं असलं की मदत मागायला संकोच वाटत नाही.

गुण, क्रमांक, शिष्यवृत्तीची रक्कम लिहू नका. तुलना तिथूनच सुरू होते, आणि धाकटं भावंड असेल तर त्याच्या कानावरही तीच पडते. 'आता मोठी संशोधक होणार' असली भविष्यवाणीही नको. उद्या तिला शाखा बदलावीशी वाटली, तर ते सांगणं तिला सोपं राहिलं पाहिजे.

प्रश्नकर्ता — निळीशाई

सगळ्यांचे खूप आभार. मुलीला विचारून, पावती आल्यावरच टाकतो. एक शंका उरली: एका नातेवाइकांनी मूळ पत्र न झाकता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंच आहे. आता?

उत्तर — कागदकाम

त्यांना 'सर्वांसाठी हटवा' करायला सांगा. त्याला साधारण दोन-अडीच दिवसांची मुदत असते, त्यानंतर तो पर्याय दिसत नाही. तोवर कुणी फोटो उतरवून घेतला असेल तर तो त्यांच्याकडे राहणारच, म्हणून संकेतस्थळाचा पासवर्ड आजच बदला आणि तिथे नोंदवलेला मोबाइल व ईमेल तिचाच आहे ना, ते पाहून घ्या. पुढचे काही आठवडे 'जागा पक्की करायला उरलेली रक्कम भरा' असे फोन येऊ शकतात. बोलणाऱ्याला अर्ज क्रमांक आणि शाखा अचूक ठाऊक असेल, तरी विश्वास ठेवू नका. फोन ठेवा, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा आणि थकबाकी दिसते का ते तिथेच तपासा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मुलीलाही सांगून ठेवा.