ट्रान्सप्लांट झालेल्या १६ वर्षांच्या मुलासाठी खेळ आणि सोबती: सल्ला हवाय

गोदाकाठ

माझ्या मुलाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन अकरा महिने झाले. वय १६, अकरावीत आहे. डोनर मीच. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ वर टिकून आहे, डॉक्टर खूश आहेत. घरात मात्र कोणीच खूश नाही, म्हणून इथे लिहितेय.

आजारपणाआधी तो कबड्डी खेळायचा. नुसती गल्लीतली नाही, शाळेच्या संघातून, डावा कोपरा. आठवीच्या परीक्षेनंतर पाय सुजायला लागले आणि पुढची दोन वर्षं दवाखाने, डायलिसिस, ऑपरेशन यातच गेली. आता कॉलेजातून आला की खोलीचं दार बंद आणि हातात मोबाईल. क्रीडाशिक्षकांना भेटले तर म्हणाले, "मॅडम, काही झालं तर जबाबदारी कोणाची?" त्यामुळे पी.टी.च्या तासाला हा बाकावर बसून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतो.

गेल्या आठवड्यात त्याची कंपासपेटी आवरत होते. कर्कटकाखाली चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या सहा गोळ्या निघाल्या. स्टिरॉइडच्या. मी ओरडले, तो रडला, आणि मग कळलं की या गोळ्यांनी चेहरा फुगलाय म्हणून वर्गात त्याला 'पुरी' म्हणतात.

त्याला कुठला खेळ चालेल? आणि त्याच्यासारखी, त्याच्या वयाची मुलं कुठे भेटतील? डॉक्टर 'नॉर्मल आयुष्य जगा' म्हणतात, पण नॉर्मल म्हणजे नक्की किती, ते कोणी सांगत नाही. खरं सांगायचं तर तो जिन्यावरून दोन पायऱ्या एकदम उतरला तरी माझ्या पोटात गोळा येतो.

ठाणेकर बाबू

ताई, आधी त्या सहा गोळ्यांचं. डॉक्टरांना सांगितलंत का? नसेल तर उद्या सकाळी फोन करा. रागावतील म्हणून लपवू नका. गोळ्या चुकवल्याचं कळलं की ते रक्त तपासतील, टॅक्रोची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची) लेव्हल बघतील, आणि चेहऱ्याचा त्रास होतोय म्हटल्यावर डोसबद्दलही बोलतील. स्टिरॉइड साधारण हळूहळू कमी करत नेतात आणि सूजही ओसरते, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं फार महागात पडू शकतं.

आता खेळ. मी ३४ वर्षांचा, ट्रान्सप्लांटला नऊ वर्षं झाली. कबड्डीबद्दल कडू बोलतो, माफ करा. नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, पुढे ओटीपोटात बसवतात, बहुतेकदा उजवीकडे. आपल्या मूळ किडन्यांना बरगड्यांचा आणि पाठीच्या स्नायूंचा आडोसा असतो. हिच्या पुढ्यात फक्त पोटाची भिंत. कोपऱ्यात पकड करताना चढाईवाल्याचा गुडघा नेमका तिथेच येतो आणि वरून आपलेच तिघं पडतात. कबड्डी, कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग यांना बहुतेक डॉक्टर साफ नाही म्हणतात. फुटबॉलबद्दल दोन मतं ऐकाल.

पण बॅडमिंटन, टेबल टेनिस, पोहणं, पळणं, सायकल हे सगळं खुलं आहे, तुमच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की. मी डिस्चार्जनंतर सोसायटीच्या गेटपासून पहिल्या विजेच्या खांबापर्यंत चालायचो आणि तिथे टेकून उभा राहायचो. वॉचमन खुर्ची आणून द्यायचा, इतकी दया यायची त्याला. दर तीन दिवसांनी एक खांब वाढवला. आता रविवारी दहा किलोमीटर पळतो. वॉचमन बदलला, नव्याला काहीच माहीत नाही, बरं वाटतं.

आणि कबड्डी पूर्ण तोडू नका. गुणलेखन, पंचगिरी, डावपेच यातलं त्याला येतं ना? मैदानाच्या रेषेबाहेर का होईना, पण मैदानावर असू दे.

आजोळ

मी वेगळं बोलतो, राग मानू नये. माझ्या मेहुण्याचं ट्रान्सप्लांट झालं होतं, आम्ही त्याला काडी उचलू दिली नाही. आईने पोटचं काढून दिलेलं आहे, ते जपावं. खेळ काय, शिक्षण झाल्यावरही होईल.

ठाणेकर बाबू

काका, भावना समजते. पण स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात, साखर आणि वजन वाढतं. टॅक्रोनेही साखर आणि बीपी वाढू शकतं. बसून राहिलं तर हे सगळं आणखी बळावतं. जपायची म्हणजे शोकेसमध्ये ठेवायची नाही. पहिले दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही हे खरं, पण या मुलाला अकरा महिने झालेत.

कळंबा नाका

डायलिसिस युनिटला बारा वर्षं सिस्टर आहे, कोल्हापुरात. लोकांना माहीत नसलेल्या तेवढ्याच गोष्टी लिहिते.

खेळताना पाय मुरगळला की घरातलं कोणीतरी कनवाळूपणे डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन देतं. नाही म्हणजे नाही. किडनीला ती घातक. शेकायला बर्फ आणि डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल. ही गोष्ट कोचला आणि दोन मित्रांनाही सांगून ठेवा, कारण तो पडेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

जिममधली पोरं क्रिएटिनचा डबा पुढे करतील, 'मसल होतील' म्हणून. तोही नको, प्रोटीन पावडरही विचारल्याशिवाय नको, आणि गावाकडच्या काढ्यांचं तर नावच काढू नका. गणपतीत पपनसाच्या फोडी समोर येतात, त्याही टाळायच्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट रक्तात टॅक्रो वाढवतात. हे आमच्याकडच्या एका पेशंटला सात वर्षांनी कळलं, दरवर्षी नैवेद्याचं ताट चाटूनपुसून खात होता बिचारा.

पोहायचं तर क्लोरीनवाला, नीट सांभाळलेला तलाव. विहीर, नदी, शेततळं नको. उन्हात टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन, कारण या गोळ्यांवर असणाऱ्यांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. पाण्याची बाटली स्वतःचीच, कुणाची उष्टी नाही. आणि ती भरपूर प्यायची! डायलिसिसवर असताना दोन वर्षं घोट मोजून प्यायलेल्या मुलांना पाणी प्यायची भीतीच बसलेली असते, हे आम्ही रोज बघतो. हातात फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) अजून असेल तर त्या हातावर वजन नको, घट्ट मनगटी पट्टा नको.

डायलिसिसवर असलेली तरुण मुलंही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी: तुम्हीही हलू शकता. परदेशात बऱ्याच युनिटमध्ये डायलिसिस चालू असताना बेडवर पडल्यापडल्या पेडल मारायला देतात. आमच्याकडे तसलं यंत्र नाही, पण डायलिसिस नसलेल्या दिवशी अर्धा तास चालायला यंत्र लागत नाही. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी ते वाढवून घ्या. दम लागतो तो आळसामुळे नाही, रक्त कमी असल्यामुळे.

पावटा

काकू नाही म्हणत, ताई म्हणते. मी २२, पुण्यात शिकते, ट्रान्सप्लांट पंधराव्या वर्षी. तुमच्या मुलाच्या जागी मी होते, म्हणून जरा स्पष्ट लिहितेय.

गोळ्या लपवणं हा शिस्तीचा प्रश्न नाही हो. आरशात रोज दुसऱ्याच कोणाचातरी चेहरा दिसतो. हात थरथरतात (टॅक्रोमुळे), प्रॅक्टिकलला बीकर धरता येत नाही, ओठावर लव येते. मुलींना तर हे फारच झोंबतं. सगळे म्हणतात, 'जीव वाचला ना, मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस?' हे वाक्य घरात बंद करा, प्लीज.

माझी गाडी रुळावर आली ती समुपदेशकामुळे नाही, ओपीडीच्या बाकावर भेटलेल्या एका मुलीमुळे. टॅक्रोच्या रक्तासाठी सकाळची गोळी न घेता उपाशीपोटी बसलो होतो दोघी. तिने विचारलं, "तुझी हॉकी स्टिक उजवीकडे की डावीकडे?" मला कळेचना. ती टाक्यांच्या व्रणाबद्दल विचारत होती. पोटावरचा व्रण खरंच हॉकी स्टिकसारखा वळलेला असतो! तीन वर्षं मी तो कॉलेजच्या ट्रिपमध्येसुद्धा लपवत होते, आणि ही त्याला नाव ठेवून मोकळी.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तुमच्या हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला गाठा. त्यांच्याकडे कोण कुठल्या वयाचा, कुठल्या गावचा, सगळं डोक्यात असतं. नंबर परस्पर देणार नाहीत, पण तुमचा नंबर दुसऱ्या घरी पोचवतील. एकच मुलगा भेटला तरी पुरे. व्हॉट्सअॅपच्या मोठ्या ग्रुपांपासून मात्र त्याला सध्या लांब ठेवा. तिथे रोज क्रिएटिनिनची शर्यत चालते. कुणाचं ०.९, कुणाचं १.४, आणि मध्येच कुणीतरी पावडर विकतं.

आणि भेटले की तुम्ही तिथे बसू नका. लांब चहा प्या.

लेस्टरचा पक्या

इकडे यूकेत याची पद्धत बसलेली आहे म्हणून सांगतो. ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये पोर्ट्समथला सुरू झाल्या, मॉरिस स्लापाक नावाच्या सर्जनने सुरू केल्या. २०१९ ला न्यूकॅसलला, २०२३ ला ऑस्ट्रेलियात पर्थला, २०२५ ला जर्मनीत ड्रेस्डेनला झाल्या. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत वयोगट असतात. शिवाय ब्रिटनच्या स्वतःच्या स्पर्धा वेगळ्या होतात. त्यात गंमत म्हणजे मुलं गावाच्या किंवा क्लबच्या नावाने उतरत नाहीत, आपापल्या हॉस्पिटलच्या संघातून उतरतात. २०२२ ला लीड्सला झाल्या तेव्हा मी स्वयंसेवक होतो. पाच-सहा वर्षांची पोरं पळत होती, आणि त्यांच्या वॉर्डातल्या नर्स कडेला घसा फाटेस्तोवर ओरडत होत्या. ज्यांनी सुया टोचल्या त्यांच्याच नावाची आरोळी!

दुसरं, ऑक्सफर्डचं. तिथल्या डॉ. पॉल हार्डन यांच्या गटाने १५ ते २४ या वयाच्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक काढलं, नंतर ते हॉस्पिटलबाहेर, कॉलेज आणि क्रीडासंकुलात नेलं, सोबतीला एक युवा-कार्यकर्ता दिला. २०१२ साली त्याचा हिशेब छापून आला. आधी मुलांच्या विभागातून थेट मोठ्यांच्या विभागात पाठवलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांची किडनी गेली होती. नव्या पद्धतीतल्या बारा जणांपैकी एकाचीही नाही. आकडे लहान आहेत, मान्य, पण हे वय गोळ्या चुकवण्याचंच आहे आणि एकटं ठेवलं की किडनी जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. तुमच्या कंपासपेटीवरून तेच आठवलं.

ठाणेकर बाबू

पक्या, मस्त. भारतातही आहे ताई. जागतिक स्पर्धांना जाणाऱ्या भारतीय संघाचं काम दिल्लीची ऑर्गन इंडिया ही संस्था बघते. मुंबईत नर्मदा किडनी फाउंडेशनने ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या क्रीडास्पर्धा भरवलेल्या आहेत. दोन्हीकडे विचारा. डॉक्टरांचं पत्र लागतं, ते आधीच मागून ठेवा. कॉलेजच्या त्या सरांनाही तेच पत्र दाखवा. काय चालेल, काय नाही, हे लेटरहेडवर लिहून आलं की जबाबदारीची भीती निम्मी होते.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: या स्पर्धांमध्ये डोनरलाही खेळता येतं. म्हणजे तुम्हालाही.

चौकार षटकार

इव्हान क्लास्निचचं नाव सांगा त्याला! क्रोएशियाचा फुटबॉलपटू. २००७ ला आईची किडनी बसवली, ती टिकली नाही, मग वडिलांची बसवली, आणि २००८ च्या युरो स्पर्धेत गडी गोल मारत होता. अमेरिकेच्या अॅरिस मेरिटने तर २०१५ ला बीजिंगला जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत ब्राँझ घेतलं, तेव्हा किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. काही दिवसांतच बहिणीची किडनी बसवली.

पावटा

दादा, खरं आहे सगळं, पण मला पंधराव्या वर्षी असल्या गोष्टी कुणी सांगितल्या की उशी फेकून मारावीशी वाटायची. तो अमेरिकेचा ऑलिंपिकवाला, मी कोथरूडची. ठाण्याच्या दादांचे विजेचे खांब सांगा त्याला, ते जास्त उपयोगी पडतील.

गोदाकाठ

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

गोळ्यांचं डॉक्टरांना सांगितलं. ते मला नाही, त्याला बोलले, मला बाहेर बसवून. लेव्हल थोडी खाली होती, आता ठीक आहे. डोसचं वेळापत्रक त्यांनी त्यालाच लिहून दिलं. गोळ्यांचा डबा आता तो भरतो. मी रविवारी फक्त बघते. हात शिवशिवतात, पण बघतेच.

को-ऑर्डिनेटरने सिन्नरच्या एका घराला आमचा नंबर दिला. मुलगा १८ वर्षांचा, ट्रान्सप्लांटला तीन वर्षं. शनिवारी दोघं बॅडमिंटन खेळतात, एका जुन्या हॉलमध्ये, तासाला दोनशे रुपये. पहिल्या दिवशी मी आणि त्याची आई बाहेर टपरीवर बसलो, पावटाच्या हुकुमानुसार. आत काय बोलले माहीत नाही. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाला, "त्याची डावीकडे आहे." मी विचारलं काय डावीकडे, तर मोबाईलमध्ये तोंड घालून हसत बसला. आता कळलं, हॉकी स्टिक.

कॉलेजच्या सरांनी पत्र बघून पी.टी.ला घेतलं. कबड्डीच्या सामन्यांना गुणलेखक केलंय. पंचांशी भांडतो म्हणून एक तक्रारही आली आहे, जी फ्रिजवर लावून ठेवायची राहिलीय.

सिन्नरच्या आईनेही तिची किडनी दिलेली आहे. शेवटची दहा मिनिटं आम्ही दोघी खेळतो, पोरं बाजूला उभी राहून चुका काढतात. एक विचारायचं होतं: नायलॉनचं शटल घ्यावं की पिसाचं? पिसाची आम्ही दर शनिवारी तीन मोडतो.

ठाणेकर बाबू

नायलॉनचंच घ्या ताई. पिसाची परवडणार नाहीत, तुम्ही दोघी खेळताय म्हटल्यावर तर नाहीच.