शाळाच मोडली तर गावाने वर्ग चालवावेत का?

तिरकस: युद्ध असो वा हुकूमशाही, सरकारी शाळा बंद पडली की लोकांनी वाट बघत बसू नये, जमेल तिथे वर्ग भरवावेत. अफगाणिस्तानच्या वायव्येकडे ३१ खेड्यांत झालेला एक अभ्यास आहे. काही खेड्यांत गावातच वर्ग सुरू केले, बाकीची तुलनेसाठी ठेवली. पटावरच्या मुलगे-मुलींतली २१ टक्क्यांची तफावत वर्ग असलेल्या खेड्यांत पुसली गेली. शाळा लांब असली की आधी मुलगीच घरी बसते, हे वेगळं सांगायला नको.

चष्मेवाला: प्रचंड असहमत. लोकांनी सोय केली की सरकार निवांत. आणि शिकवणारी बाई किती वर्षं फुकट राबणार? 'सेवाभाव' हा शब्द दुसऱ्याच्या पगाराबद्दल बोलतानाच बरा सुचतो.

तिरकस: कोसोवो बघा, तेव्हाचा सर्बियाचा प्रांत, वस्ती बहुतेक अल्बेनियन लोकांची. १९९०च्या दशकात सर्बियाने तिथल्या अल्बेनियन शिक्षकांना काढून टाकलं, तर लोकांनी राहत्या घरांत शाळा चालवल्या. परदेशी गेलेले अल्बेनियन उत्पन्नाच्या ३ टक्के वर्गणी देत, त्यातून शिक्षकांना थोडंफार मिळे.

चष्मेवाला: अहो, ते समांतर सरकारच होतं! वर्गणी, अभ्यासक्रम, दाखले, सगळं होतं त्यांच्याकडे. निर्वासित छावणीतल्या माणसाने ३ टक्के कशाचे काढायचे?

सुगंधा: 'सरकार निवांत' हे मला पटत नाही. बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांत निर्वासितांनीच आपल्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने त्या बंद करायला लावल्या. निवांत सरकार टाळं कशाला लावेल? माझी अडचण पुढची आहे. लिहायला-वाचायला गावातलं कुणीही शिकवेल, पण आठवीचं बीजगणित? अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीपुढची शाळा बंद आहे. घरात चोरून दहावीपर्यंत शिकलेल्या मुलीची परीक्षा कोण घेणार?

तिरकस: परीक्षेचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून तिने शिकूच नये?

चष्मेवाला: शिकू नये असं कोण म्हणतंय? देणगीदार मुलांच्या वह्या-दप्तरांना पैसे देतात, मानधनाचं नाव काढलं की गप्प. ती बाई दुसऱ्या वर्षी दुसरं काम धरते आणि वर्ग मोडतो. आधी तिचे दोन-तीन वर्षांचे पैसे बाजूला काढा, मग फळा टांगा.

सुगंधा: याला मात्र +१.