‘अलहंब्रा’ या नावाचा नेमका अर्थ काय?

प्रश्न
स्पेनमधल्या ग्रनाडा शहरात टेकडीवर अलहंब्रा हा किल्ला आणि महालांचा समूह आहे. त्याच्या नावाचा अर्थ कुठे ‘लाल महाल’ दिलेला असतो, तर कुठे ‘लाल किल्ला’. सुलतान इब्न अल-अहमरच्या नावावरून ते नाव पडलं, असंही वाचलं. यातलं खरं कोणतं? शिवाय मूळ शब्द ‘हमरा’ असेल तर मध्ये ‘ब’ कुठून आला?

उत्तर १
‘लाल किल्ला’च. अरबीत विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: पुल्लिंगी ‘अहमर’, स्त्रीलिंगी ‘हमरा’. महालाला शब्द आहे ‘कस्र’, तो पुल्लिंगी. म्हणजे लाल महाल ‘अल-कस्र अल-अहमर’ झाला असता. किल्ल्याला ‘कलआ’, तो स्त्रीलिंगी, म्हणून ‘अल-कलआ अल-हमरा’. पुढे नाम गळलं, विशेषण तेवढं उरलं. आपला ‘किल्ला’ याच ‘कलआ’वरून आला, पण मराठीत तो पुल्लिंगी झाला, त्यामुळे मूळ नावातली ही खूण भाषांतरात दिसतच नाही.

उत्तर २
सुलतानाची व्युत्पत्ती कालक्रमातच अडते. मुहंमद पहिला, म्हणजेच इब्न अल-अहमर, ग्रनाडात आला १२३८ मध्ये. तिथल्या लाल किल्ल्याचा उल्लेख मात्र नवव्या शतकातला आहे: ८८९च्या सुमारास बंडाळीत सव्वार बिन हमदून या अरब सरदाराने तिथे आसरा घेतला होता. आज पाहायला मिळणारे प्रसिद्ध महाल तर बहुतेक चौदाव्या शतकातले, सुलतान यूसुफ पहिला आणि मुहंमद पाचवा यांच्या काळातले. नाव किल्ल्याचं, महालांनी ते वारशाने घेतलं.

लाल रंग मातीचा. अलहंब्रा जिथे उभा आहे त्या साबिका टेकडीच्या मातीत लोहाचे ऑक्साइड आहे. तीच माती, खडी आणि चुना ओलसर कालवून लाकडी फळ्यांच्या साच्यात थरावर थर ठोकत भिंती उभ्या केल्या. अशा कामात पाणी कमी पडलं तर थर नीट दबत नाही. जास्त झालं तर वाळताना भिंत आकसून तडकते. मशालींच्या उजेडात रात्री बांधकाम चाले म्हणून ‘लाल’, ही कथा सुंदर आहे, पण नावाचं कारण म्हणून तिची गरज उरत नाही.

उत्तर ३
‘ब’ स्पॅनिशने घातला. ‘म’साठी मिटलेले ओठ उघडून ‘र’कडे जाताना नाकातून जाणारी हवा क्षणभर आधी थांबली, की ‘ब’ आपोआप उमटतो. लॅटिन ‘हुमेरुस’चा स्पॅनिश ‘ओम्ब्रो’ (खांदा) असाच झाला. स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात, उच्चारत नाहीत. तिथला उच्चार ‘आलांब्रा’. मराठीत ‘अलहंब्रा’ रूढ आहे, तेच लिहावं. फक्त ‘अलहंब्रा किल्ला’ लिहिताना ‘किल्ला’ दोनदा आला असं समजून तो खोडू नका. नावात उरलाय तो फक्त ‘लाल’.